मिस लिबीच्या टाकीतलं परकं तेल

१

तेल चोरीला गेल्याची फिर्याद घेऊन वेंडेल टीगकडे माणसं नेहमीच येत. हार्लो गावात वकील दोनच, आणि दुसरा वकील तेलवाल्या रॉइस मॅकॅडूच्या खिशात. त्यामुळे तालेवारांनी लुबाडलेले जिल्ह्यातले झाडून सगळे लोक वेंडेलच्या वाट्याला आलेले. पण तेल वाढलं म्हणून तक्रार करणारी मिस लिबी हावेलका ही पहिलीच, आणि तीही नेमकी उगवली ऑफिसातला एसी बंद पडलेल्या सोमवारी.

"काल चर्चमधून घरी आले, तर काकडीच्या वाफ्यात तेल," ती म्हणाली. वय एक्क्याऐंशी, विधवा, तरी सगळं गाव तिला मानाने मिस म्हणे. अंगावर चर्चला घालायचा निळा झगा, मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरलेली. "टाकी भरून वाहत होती."

"मग रॉइसला फोन करायचा ना. टाकी त्याची, विहीर तो चालवतो."

"केला. म्हणाला, अभिनंदन."

त्याआधी ती शेरीफकडेही जाऊन आली होती. शेरीफने सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, की मावशी, हा चोर सापडला तर आधी माझ्या घरी पाठवा. वेंडेलला शेरीफचा राग आला, कारण तोच विनोद त्याच्याही जिभेवर आला होता.

मिस लिबीचं म्हणणं मात्र सरळ होतं. उन्हाळ्यात टाकीला तळहात लावला की तेल कुठवर आहे ते कळतं, तिथवर पत्रा गार लागतो. शनिवारी तिने हात लावून पाहिला होता, तेल गुडघ्याच्याही खाली होतं. ही विहीर भर तारुण्यातसुद्धा एका सकाळीत टाकी भरू शकली नव्हती. म्हणजे कुणीतरी बाहेरून आणून ओतलं.

"मला तो माणूस शोधून दे," ती म्हणाली.

वेंडेलने कपाळाला हात लावला. गुरुवारी तिच्याच खटल्याची सुनावणी होती. तो खटला इतका नाजूक, की त्याच्या पुढ्यात कुणी शिंकलं तरी तो कोसळेल.

प्रकरण असं होतं. मिस लिबीच्या सासऱ्याने फार पूर्वी जमिनीखालचं तेल काढायचा पट्टा एका कंपनीला लिहून दिला होता. जोवर तेल निघतंय तोवर पट्टा चालू, आणि निघेल त्यातला आठवा हिस्सा घरच्यांचा. वरच्या थरात एक विहीर खणली गेली, ती अजून चालत होती. पुढे तो पट्टा रॉइस मॅकॅडूने विकत घेतला. मग त्याने शेजारचं शेत जमिनीखालच्या हक्कांसकट घेतलं, आणि कुंपणाला अगदी चिकटून दोन खोल विहिरी खणल्या. जमिनीखालच्या तेलाला कुंपण कळत नाही. मिस लिबीच्या खालचं तेल दिवसरात्र त्या दोन विहिरींकडे वाहत होतं, आणि स्वतःच्या शेतात रॉइसला कुणालाच हिस्सा द्यावा लागत नव्हता.

वेंडेलचा दावा जुनाच आणि कोर्टांनी अनेकदा मानलेला होता. पट्टा घेणाऱ्याच्या अंगावर काही कर्तव्यं न लिहिताच येतात. विहीर नीट राखायची, निघालेलं तेल विकायचं, जमिनीत आणखी तेल असेल तर ते काढायचं, आणि शेजारून कुणी ते शोषून घेत असेल तर अलीकडे विहीर खणून त्याला अडवायचं. शेजारी शोषणारा आणि पट्टेदार एकच असला तर मग बोलायलाच नको.

पण "हे लिहिलंय कुठे?" हा प्रश्न विचारून गावाने त्याच्या नाकी नऊ आणले होते. न्हाव्याने विचारलं, पाद्र्याने विचारलं, त्याच्या बायकोने जेवताना दोनदा विचारलं. लिहिलेलं नाही हाच तर मुद्दा आहे, हे सांगून सांगून त्याचा घसा बसला होता. रॉइसचं उत्तर मात्र कुणालाही पटेल असं होतं: म्हातारीची विहीर चालतेय, चेक जातोय, आणखी काय पाहिजे?

आणि मिस लिबीला फार काही नकोच होतं. तिला स्वतःच्या घरात राहायचं होतं. छप्पर गळत होतं, कर थकला होता. पट्टा मोडला तर टुलसा शहरातली एक तेलकंपनी तिच्या जमिनीत खोल विहीर खणायला तयार होती. नाही मोडला, तर शेत विकून भाच्याच्या मागच्या खोलीत जायचं.

ती उठते न उठते तोच फोन वाजला. पलीकडे रॉइसचा वकील होबार्ट सिम्स. आवाजात लोणी.

"वेंडेल, आमच्या माणसाने रविवारी रस्त्यावरून काढलेला एक फोटो गुरुवारी दाखल करतोय. तुझ्या अशिलाची विहीर इतकं तेल देतेय की टाकीत मावत नाही."

२

मंगळवारी वेंडेल कुरकुरतच शेतावर गेला. लांबून पंप दिसत होता, नंदीबैलासारखी मान हलवत. वरून पाहिलं तर विहिरीत काहीच खोट नव्हती.

मिस लिबी मागच्या अंगणात बादलीत एका हंसाला घासत होती. पांढऱ्या पिसांवर हिरवट डाग होते, आणि भांड्यांचा साबण लावूनही ते निघत नव्हते. हंस वेंडेलला चावला. आपण कुणाच्या बाजूने लढतोय हे या घरातल्या हंसालाही कळत नाही, असं त्याच्या मनात आलं.

त्याने टाकीभोवती फेरी मारली, आणि नळाखाली धरून थोडं तेल एका काचेच्या बरणीत भरून घेतलं. वाफ्यातला चिखल हिरवट, तेलकट झाला होता. शेजारी खाऱ्या पाण्याची लहान टाकी होती. विहिरीतून तेलाबरोबर येणारं खारं पाणी त्यात साठवतात आणि ट्रकने नेऊन टाकतात. तिच्या झाकणावर कुंभारमाशीने मातीचं भलंमोठं घर बांधलं होतं, झाकण आणि काठ एकत्र लिंपून टाकून. वेंडेल बाजूला झाला. माश्यांचं आणि त्याचं जुनं वैर होतं.

स्वयंपाकघरात मिस लिबीने कॉफी ठेवली. शेगडी पेटेना. तिने ओट्याखालच्या सिलिंडरला लाथ घातली, तेव्हा ज्योत आली.

"आता हेही विकत," ती म्हणाली. "पाइप गंजलाय म्हणे. रॉइस माणूस पाठवतो पाठवतो म्हणून वर्षं गेली."

वेंडेलने हं म्हटलं आणि खिडकीतून पंपाकडे पाहिलं. विहिरीत कधी काही बिघाड झाला होता का, असं त्याने विचारलं.

"माझ्या विहिरीत? वेड लागलंय का तुला?" तिने कोलाच्यांची, मध्ये मुरंबा भरलेल्या गोड पावांची बशी त्याच्यापुढे सरकवली. जर्दाळूचे होते. "माझा नवरा व्हाक्लाव्ह होता तेव्हाही तेवढाच चेक, तो गेल्यावरही तेवढाच. माझ्या मैत्रिणींच्या विहिरी बघ, दर वर्षी रडतात. माझी एका पैशाने हलली नाही."

ती हे अभिमानाने सांगत होती. वेंडेलने दुसरा कोलाचा उचलला, डॉक्टरने मना केलेला.

बाहेर गाडी थांबली. भाचा एमिल आला होता, ट्रॅक्टरच्या दुकानाची टोपी घालून. त्याच्याबरोबर उतरलेला टाय लावलेला माणूस शेताकडे असा बघत होता, की बघणाऱ्याला कळावं, हा विकत घ्यायला आलाय.

वेंडेलचं लक्ष मात्र एमिलच्या बुटांकडे गेलं. ते घोट्यापर्यंत हिरव्या तेलाने माखून वाळलेले होते.

३

"हो, रविवारी आलो होतो इथे," एमिल म्हणाला. "आत्या चर्चमध्ये होती, म्हणून तर आलो. ती असली की गिऱ्हाइकाला शेत दाखवू देत नाही."

"आणि टाकी वाहतेय हे दिसल्यावर?"

"दिसलं कुठे? पाय घसरला तेव्हा कळलं. गिऱ्हाइकाच्या अंगावर पडलो." एमिलने टोपी मागे सरकवली. "माझ्यावर काय संशय घेता, वेंडेलकाका? ओतायला आधी तेल पाहिजे. माझ्याकडे ट्रॅक्टरचं ग्रीस आहे."

वेंडेलला तो पोरगा आवडत नसे, पण त्याच्यात कपटाला लागणारी चिकाटी नव्हती. तरी हेतू होता. भरलेली टाकी पाहून जमिनीचा भाव वाढतो. अशी युक्ती या भागात नवी नव्हती.

रॉइस मॅकॅडू त्याला बुधवारी सकाळी कॅफेत भेटला, ग्रेव्हीत बुडवलेले, बिस्किट नावाच्या मऊ पावाचे तुकडे चमच्याने उचलत. आजूबाजूच्या टेबलांवर त्याचीच माणसं.

"या, वकीलसाहेब. माझ्या कुठल्या न लिहिलेल्या कर्तव्यात आज कसूर झाली? तुम्हाला कॉफी मी पाजायची का?"

टेबलं हसली. वेंडेलने विचारलं, रविवारी लिबीच्या टाकीत तेल कुठून आलं?

"विहिरीतून. तेल विहिरीतून येतं, तुमच्या कॉलेजात शिकवलं नाही का?"

"तू शेवटचा त्या विहिरीवर कधी गेलास?"

रॉइसने विचार केला, आणि विचार करताना त्याचा चेहरा खरोखर कोरा झाला. शेवटी म्हणाला, की ते सगळं लॉनी बघतो, मी कशाला जाऊ? कुणीतरी म्हणालं, रॉइस स्वतःच्या बायकोकडेही लॉनीलाच पाठवतो, आणि टेबलं पुन्हा हसली. वेंडेलला मात्र हसू आलं नाही. रॉइस खोटं सफाईने बोलतो, आणि खरं बोलताना असा अडखळतो. म्हणजे तो खरंच तिथे गेलेला नव्हता.

मग ओतणारा कोण? फायदा तर सगळा याच माणसाचा होत होता.

४

लॉनी स्प्रॅडलिन रॉइसच्या खोल विहिरींवर सापडला, कुंपणाच्या पलीकडे. गेली वीसेक वर्षं तो या भागातल्या विहिरी राखत होता. रोज सकाळी फेरी, टाक्या तपासायच्या, पंपांना तेलपाणी द्यायचं. एक पाय ओढत चालायचा, बोलायचा कमी. मिस लिबीच्या नवऱ्याबरोबर तो मासे धरायला जायचा हे गावाला ठाऊक होतं.

"रविवारी व्हॉल्व्ह अडकला," तो म्हणाला. "माझीच चूक. मी तिकडून निघालो आणि रस्त्यात टायर फुटला. येईपर्यंत वाहून गेलं होतं."

"पण एवढं तेल आलं कुठून, लॉनी?"

"साठलं असेल."

"शनिवारी गुडघ्याखाली होतं म्हणते ती."

लॉनीने हातमोजे काढले आणि ते एकमेकांवर झटकले. त्यावर तोच हिरवट रंग होता. यात नवल नव्हतं, रॉइसच्या या खोल विहिरींचं तेलच हिरवट आणि पातळ. वेंडेलने तेवढ्यात आणखी एक विचारलं, की खाऱ्या पाण्याचा ट्रक लिबीकडे कधी येतो?

"येत नाही आता. त्या विहिरीला पाणी नाही राहिलं."

"बरं आहे की."

"हो," लॉनी म्हणाला, आणि पुढच्या प्रश्नाची वाट न बघता गाडीत जाऊन बसला.

वेंडेल वैतागून घरी आला. उद्या सुनावणी, हातात एक चावलेलं बोट आणि तेलाने भरलेली काचेची बरणी. बायकोने त्याला मक्याच्या कणसांचं भांडं शेगडीवर ठेवायला सांगितलं. त्याने गॅस पेटवला, आणि काडी बोटापर्यंत जळत आली तरी तसाच उभा राहिला.

या भागातल्या जुन्या पट्ट्यांत एक रीत असते. विहिरीतून तेलाबरोबर जो गॅस येतो, तो घरमालकाच्या स्वयंपाकघराला फुकट. हावेलकांच्या घरात लग्न होऊन आल्यापासून मिस लिबीने त्याच गॅसवर स्वयंपाक केला होता. आता ती सिलिंडर आणत होती. पाइप गंजलाय, हे तिला कुणीतरी सांगितलेलं.

विहीर एवढं तेल देते आणि एका शेगडीपुरता गॅस देत नाही? म्हातारी विहीर, जिच्यात दर वर्षी पाणी वाढायला हवं, ती पाणीही देत नाही? कुंभारमाशीचं ते घर काही एका उन्हाळ्यात झालेलं नव्हतं. आणि तिच्या वरच्या थराचं तेल नेहमी काळं, काकवीसारखं दाट. बरणीत होतं ते हिरवं.

"अगं," तो बायकोला म्हणाला, "ती विहीर मेलेली आहे."

"मग पंप कसला हलतोय?"

"हलतोय नुसता. खाली काहीच नाहीये त्याला."

५

कणसं तशीच टाकून तो लॉनीच्या घरी गेला. उजेड होता अजून. लॉनी अंगणात गाडीचा तो फुटलेला टायर दुरुस्त करत होता. वेंडेलने बरणी बॉनेटवर ठेवली.

"तू ऐक फक्त. मला दिवसभर लोकांनी ऐकवलंय. तिच्या टाकीत पलीकडचं तेल पडतंय, आणि काही वर्षं पडतंय. ओतण्यात रस असलेली माणसं तीन. एमिलने ओतलं असतं, तर भरपूर ओतलं असतं, गिऱ्हाईक भुलवायला. आणि ते आत्ता सुरू झालं असतं, कारण विकायचं वेड त्याला आत्ता लागलंय. रॉइसला पट्टा नुसता जिवंत ठेवायचाय. त्याने ओतलं असतं तर अगदी नावापुरतं, आणि दर वर्षी कमी कमी. आठवा हिस्सा द्यायला त्याचा जीव जातो, आणि म्हाताऱ्या विहिरीचं तेल घटलं तर कुणाला शंकाही येत नाही. पण इथे तेल घटलंही नाही आणि वाढलंही नाही. तिचा चेक एका पैशाने हलला नाही. असं कोण करेल? ज्याला जमीन नको, पट्टा नको, फक्त तिला काही कळू नये एवढंच हवंय, तो."

लॉनीने हातातला पाना टायरवर ठेवला.

"तेल वर ओढणारी सळई खाली तुटली," तो म्हणाला. "व्हाक्लाव्ह गेला त्याच महिन्यात. रॉइसला सांगितलं, तर म्हणाला, बघू. नंतर टाकीतून तेल विकलं जातंय म्हटल्यावर त्याने विचारलंच नाही, कसं ते. त्याला वाटलं मी दुरुस्त केली."

"आणि तू पलीकडच्या टाकीतून नळी लावलीस."

"टाक्या कुंपणाच्या दोन बाजूंना तर आहेत. रविवारी नळी चालू ठेवून गेलो आणि टायर फुटला, एरवी कधी वाहिली नाही. मला वाटलं, थोडे दिवस. नवरा गेला आणि विहीरही गेली, असं दोन्ही एकदम कसं सांगायचं तिला? मग थांबवू कसं तेच कळेना. ती रोज विचारायची, विहीर कशी आहे."

वेंडेलला ओरडावंसं वाटलं, आणि तो ओरडलाच.

"अरे बाबा, विहीर बंद पडली आणि कुणी दुरुस्त केली नाही, तर मुदत संपली की पट्टा आपोआप मरतो! तू गप्प बसून नुसता हात बांधून उभा राहिला असतास, तर ती केव्हाच मोकळी झाली असती. टुलसावाल्यांनी तिच्यासाठी विहीर खणली असती. तू दर आठवड्याला तिच्या टाकीत जे ओतलंस, त्याच्या शंभरपट रॉइसने तिच्या पायाखालून ओढून नेलं, आणि त्याच्यासाठी दार तू उघडं ठेवलंस."

लॉनी हळूहळू खाली बसला, टायरवरच. हे त्याने कधी असं मांडून पाहिलेलं नव्हतं, हे स्पष्ट दिसत होतं. मग त्याने विचारलं, की उद्या कोर्टात मला हे सांगावं लागेल का? रॉइसचं तेल न विचारता हलवलं म्हणजे चोरीच ना?

वेंडेलने बॉनेटवरची बरणी उचलली आणि तो आपल्या गाडीकडे वळला.

६

गुरुवारी सुनावणीआधी वेंडेलने रॉइसला आणि होबार्ट सिम्सला कोर्टाच्या मागच्या खोलीत बोलावलं. तिथला पंखाही बंद होता. त्याने टेबलावर बरणी ठेवली.

"हे लिबीच्या टाकीतलं. तुम्ही फोटो दाखल करताय त्याच तेलातलं. एकच प्रश्न आहे, रॉइस. हे तेल कुणाचं?"

"तिच्या विहिरीतलं. फोटोत दिसतंय."

"छान. म्हणजे हे हिरवं तेल तिच्या जमिनीखाली आहे, असं तू शपथेवर सांगणार. माझं कामच झालं. तोच थर तू कुंपणापलीकडून शोषतोयस आणि अलीकडे विहीर खणत नाहीस. कधी खणतोस सांग, मी तारीख लिहून घेतो."

होबार्टने रॉइसच्या बाहीला हात लावला. रॉइसने तो झटकला.

"तिची विहीर वरच्या थरात आहे. तिच्यात हे येणारच नाही. हे माझ्या टाकीतलं आहे! कुणीतरी चोरून..."

तो मध्येच थांबला. वेंडेलने त्याला थांबू दिलं. आठवडाभरात पहिल्यांदा त्याला कुणाचा राग येत नव्हता.

"बोल ना. तुझं तेल तिच्या टाकीत कुणीतरी ओतलं. मग तिच्या विहिरीतून काय निघालं? तिथे गॅस नाही, पाणी नाही, काळं तेल नाही. विहीर मेलेली, तू दुरुस्त केली नाहीस, आणि पट्टा तेव्हाच संपलाय. चोरी सिद्ध करशील, तेव्हाच पट्टा गेल्याचंही तूच सिद्ध करशील. आणि तिसरा मार्ग म्हणजे मला काहीच माहीत नाही असं सांगणं. तसं असेल तर जजसाहेबांना घेऊन शेतावर जाऊ आणि त्यांच्यासमोर सळया वर काढू."

रॉइसने वकिलाकडे पाहिलं. होबार्ट खिडकीकडे बघत होता. मग होबार्टने रॉइसला बाहेर नेलं, आणि दारापलीकडून रॉइसचा चढा आवाज बराच वेळ येत राहिला.

परत आले ते अट घेऊन. रॉइस पट्टा सोडून देईल, आजच, सहीशिक्क्यासह. त्या बदल्यात दोन्ही बाजूंनी मागचं सगळं मिटलं. लिबीने गेलेल्या तेलाची भरपाई मागायची नाही, आणि रॉइस कुणावरही चोरीची फिर्याद करणार नाही.

७

वेंडेल कागद घेऊन मिस लिबीच्या स्वयंपाकघरात आला तेव्हा लॉनीला त्याने बरोबर आणलं होतं. सांगायचं ते लॉनीनेच सांगावं, असं त्याने गाडीत ठरवून टाकलं होतं. अटीचं मात्र नीट वेळ बघून, हळूच कानावर घालू, असा त्याचा विचार होता. म्हातारीला एका दिवसात सगळं कशाला?

लॉनीने सांगितलं. उभ्यानेच, टोपी हातात धरून. मिस लिबीचा चेहरा उतरेल, ती डोळे पुसेल, त्याच्या हातावर हात ठेवेल, असं काहीतरी वेंडेलला अपेक्षित होतं. ती लाल झाली.

"रॉइसने फसवलं ते मला समजतं," ती म्हणाली. "त्याचा धंदाच तो. पण तू? तू रोज या ओसरीवर कॉफी प्यायलास. मी विचारायचे, विहीर कशी आहे, आणि तू म्हणायचास, छान आहे."

"तुम्हाला आणखी त्रास नको म्हणून, मिस लिबी."

"व्हाक्लाव्ह गेला तेव्हा त्याला अंघोळ मी घातली. सूट मी चढवला, टायची गाठ मी मारली. आणि मला एक तुटलेली सळई झेपली नसती?"

मिस लिबी उठली, ओट्यापर्यंत गेली, तिथे काही न करता परत आली.

"दया केलीस माझ्यावर. न विचारता. मी चेक दाखवत गावभर मिरवत होते, तुला ठाऊक आहे? माझी विहीर, माझी विहीर करत."

वेंडेलने खिशातला कागद काढला. आता वेळ बघण्यात काही अर्थ नव्हता, आणि खरं तर मघाशीही नव्हता.

"मलाही एक सांगायचंय, आणि ते मी उद्यावर टाकणार होतो," तो म्हणाला. "जमीन तुमची सुटली. पण यावर सही केलीत तर जे तेल पलीकडे गेलं ते कायमचं गेलं. एक दमडी मागता येणार नाही."

"आणि नाही केली तर?"

"तर लढू. बहुतेक जिंकू. पण विहीर कधी बंद पडली ते शपथेवर लॉनीला सांगावं लागेल, आणि त्याच दिवशी रॉइस शेरीफकडे जाईल."

"किती गेलं असेल तेल?"

"व्हाक्लाव्हने आणि त्याच्या बापाने मिळून जन्मात काढलं, त्याहून जास्त."

मिस लिबीने चष्मा लावला आणि कागद पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. तिला घाई नव्हती. लॉनी म्हणाला, सही करू नका, मी सांगेन कोर्टात. तिने मान वर न करता त्याला गप्प राहायला सांगितलं. शेवटच्या ओळीवर पोचल्यावर तिने पेन मागितलं.

"मी याला माफ केलेलं नाही, असं यात कुठे लिहायची सोय आहे?"

"नाही," वेंडेल म्हणाला.

"मग तोंडी सांगते. लॉनी, मी तुला माफ केलेलं नाही."

"हो, मिस लिबी."

तिने सही केली. अक्षर मोठं आणि नीट होतं. मग तिने कागद वेंडेलकडे सरकवला, पेनाला टोपण लावलं आणि लॉनीकडे पाहिलं.

"टुलसाची माणसं सोमवारी जमीन बघायला येणारेत. ही जमीन तुझ्याइतकी कुणाला ठाऊक नाही, तेव्हा तू इथे असायचं. काय आहे, काय नाही, सगळं खरं सांगायचं. आधी मला, मग त्यांना."